पारणे नसलेला उपवास

एकादशीचा उपवास जितका शास्त्रविहित तितकेच द्वादशीचे पारणेही शास्त्रविहित, ही गोष्ट पुण्यातील पूर्वीच्या कोणत्याही पंचांग पाहणाऱ्या गृहस्थाला सांगावी लागत नसे. उपवास कोणत्या दिवशी धरावयाचा याची जेवढी चिकित्सा सदाशिव, नारायण, शनिवार या पेठांतील वाड्यांतून होई, तेवढीच, किंबहुना काकणभर अधिक, तो कोणत्या घटकेला सोडावयाचा याची होई. द्वादशी सरून गेल्यावर उपवास सोडणे हा, उपवास मुळीच न करण्याइतका नसला तरी, दोषच मानला जाई. भागवताच्या नवव्या स्कंधातील अंबरीष राजाची कथा कीर्तनकार याच प्रसंगी रंगवून सांगत असत. वर्षभराचे द्वादशीव्रत आटोपून पारण्याला बसलेल्या या राजाकडे दुर्वास ऋषी अतिथी म्हणून आले आणि स्नानासाठी नदीवर जाऊन तेथेच रमले; इकडे द्वादशी संपत आली, आणि अतिथीच्या आधी जेवल्याचा दोष थोर की पारण्याची वेळ चुकविल्याचा थोर, अशा संकटात सापडलेल्या राजाने विद्वानांच्या सल्ल्याने केवळ पाण्याचे आचमन करून उपवास सोडला. दुर्वासांच्या कोपापुढे उभे राहण्याची त्याने तयारी ठेवली. परंतु पारण्याची तिथी उलटू दिली नाही.

दिवसाचे सोळा किंवा अठरा तास उपाशी राहण्याची जी पद्धत आज शहरातील सुशिक्षित कुटुंबांत रूढ होऊ पाहत आहे, ती आणि अन्नाच्या भयाने मनुष्याला आतून पोखरणारा आजार, या दोहोंमधील सीमा कोठे ओढावयाची हा प्रश्न आता डॉक्टरांपुढे व आईबापांपुढे वारंवार उभा राहतो. पुण्याच्या उपवासांचा इतिहास चाळताना त्याचे उत्तर मला तासांच्या हिशेबात सापडले नाही. ते या पारण्यात सापडले. ज्या उपवासाच्या आरंभीच त्याचा शेवट सांगितलेला असतो तो एक, आणि ज्याला शेवटच नाही तो दुसरा. आणि या शहराने दोन्ही पाहिले आहेत.

शास्त्रकारांनी उपवासाचे प्रकार किती बारकाईने लावले होते हे पाहण्यासारखे आहे. देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप हेमाद्री पंडित याने तेराव्या शतकात ‘चतुर्वर्गचिंतामणी’चे अवाढव्य व्रतखंड रचले, काशीनाथशास्त्री उपाध्ये यांनी १७९० च्या सुमारास लिहिलेला ‘धर्मसिंधु’ महाराष्ट्रातील घरोघरच्या भिक्षुकांचा आधारग्रंथ झाला, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी आपल्या धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या पाचव्या खंडाचा पहिला भाग, जो पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९५८ मध्ये प्रसिद्ध केला, तो मुख्यत्वे व्रते व काल यांच्याच विवेचनाला वाहिला. या ग्रंथांत एकभुक्त आहे, म्हणजे मध्याह्नानंतर एकदाच भोजन. नक्त आहे, म्हणजे दिवसभर काही न घेता रात्रीच्या प्रारंभी भोजन. अयाचित आहे, म्हणजे न मागता जे समोर येईल तेवढेच. प्राजापत्य कृच्छ्र नावाचे बारा दिवसांचे प्रायश्चित्त आहे, त्यात तीन दिवस केवळ सकाळी, तीन दिवस केवळ सायंकाळी, तीन दिवस अयाचित आणि तीन दिवस निरशन असा क्रम असतो. चांद्रायणात चंद्राच्या कलेबरोबर रोज एकेक घास वाढवीत पंधरापर्यंत जावयाचे आणि तसेच एकेक घास उतरवीत खाली यावयाचे. आज ज्या अंतराअंतराच्या उपवासाला नवा शोध मानले जाते त्याचे बहुतेक सर्व सांगाडे येथे तयार आहेत. फरक एवढाच की यांतील प्रत्येकाच्या आधी संकल्प आहे, त्यात काळ व हेतू स्पष्ट उच्चारलेले आहेत, आणि शेवटी पारणे किंवा उद्यापन आहे.

त्याहून महत्त्वाची आहे ती सवलतींची यादी. एकादशीचा उपवास आठ वर्षांखालील बालकाला व ऐंशी वर्षांवरील वृद्धाला नाही. पाणी, मूळ, फळ, दूध, हविष्य, ब्राह्मणाची इच्छा, गुरूची आज्ञा आणि औषध या आठ गोष्टींनी व्रत भंगत नाही, असे वचन निबंधकार पुन्हा पुन्हा उद्धृत करतात. अशक्ताने निराहार राहण्याऐवजी नक्त करावे, तेही न झेपल्यास दूध-फळे घ्यावी. हे नियम लिहिणारी माणसे देहाकडे शत्रू म्हणून पाहणारी नव्हती. धर्मसाधन ज्या देहाने करावयाचे तो देह टिकला पाहिजे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि गीतेच्या सहाव्या अध्यायात अतिभोजी व निराहारी या दोघांनाही योग साधत नाही असे जे सांगितले आहे, त्यावर ज्ञानेश्वरांनी आळंदीकरांच्या कानी पिढ्यान्‌पिढ्या पडत आलेले जे विवरण केले आहे, ते याच धारणेतून आले आहे.

घरातील बायकांनी या सवलतींना आणखी मऊ केले. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, ही आपल्या फराळाची मांडणी पाहिली तर तिच्यातील बटाटा, रताळे, भुईमूग, हिरवी मिरची आणि ज्याच्या कंदापासून आपल्याकडे साबुदाणा होतो ते झाड, ही सारी अमेरिकेतून युरोपीय गलबतांवरून आलेली. हेमाद्रीने त्यांतील एकही पाहिले नसेल. जे धान्य नव्हे ते उपवासाला चालते या साध्या न्यायाने परदेशातील हे जिन्नस आमच्या सोवळ्यात बिनतक्रार दाखल झाले. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ ही म्हण लोक थट्टेने म्हणतात. मला मात्र तिच्यात कुटुंबाचे शहाणपण दिसते. सबंध घर एकत्र उपवास करी, एकत्र फराळाला बसे, आणि लहान सुनेच्या पानावर खिचडीचा दुसरा डाव सासू स्वतः वाढी. हरतालिकेचा निर्जळी उपवास कडक खरा, परंतु त्या रात्री बायका एकत्र जागत, खेळत, आणि दुसऱ्या दिवशी गौरीचे विसर्जन करून एकत्र जेवत. उपाशी राहणारी व्यक्ती एकटी नसे.

परंतु याच वाड्यांत, याच स्वयंपाकघरांत, एक व्यक्ती अशी होती की जिच्या उपवासाला उद्यापन नव्हते.

स्कंदपुराणाच्या काशीखंडात विधवेने चोवीस तासांत एकदाच जेवावे, मासोपवास किंवा चांद्रायण करावे, पलंगावर झोपू नये, तांबूल घेऊ नये, असा दंडक सांगितला आहे, आणि मध्ययुगीन निबंधकारांनी तो प्रमाण धरला. पेशवाईच्या उत्तरार्धात आणि त्यानंतरच्या शतकात पुण्याच्या ब्राह्मण घरांतून हा दंडक किती कसोशीने पाळला गेला याची साक्ष त्या काळच्या स्त्रियांच्या आत्मकथनांतून मिळते. ज्या शहरात श्रावणमासी पर्वतीच्या पायथ्याच्या रमण्यात सरकारी खजिन्यातून हजारो ब्राह्मणांना दक्षिणा वाटली जाई आणि मुदपाकखान्यांतील भोजनाच्या पंक्तींचा खर्च फडणिशी दफ्तरात तपशीलवार नोंदला जाई, त्याच शहरात नवव्या-दहाव्या वर्षी कपाळ पुसलेली मुलगी आलवण नेसून, केशवपन करून, सबंध घराचा स्वयंपाक सोवळ्यात रांधून झाल्यावर दुपारी एकदा जेवे आणि रात्री काहीही घेत नसे. आणि तिच्या जेवणाची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नसे. नियमाचे शब्द व्रताचेच होते: एकभुक्त, चांद्रायण, तप. शास्त्रात ज्याला व्रत म्हणतात त्याची सारी लक्षणे मात्र गळून पडली होती. संकल्प तिचा नव्हता, तो दुसऱ्यांनी केला होता. मुदत नव्हती. पारणे होते ते रोजच्या एका घासापुरते, आणि उद्यापन मृत्यूनंतर. हेतू स्पष्ट सांगितला जाई, आणि तो म्हणजे देह कृश करणे. याहूनही दारुण गोष्ट अशी की ती स्वतः हा नियम इतका आत्मसात करी, की पुढे कोणी ‘खा’ म्हटले तरी तिच्या हातून घास उचलला जात नसे, आणि रात्री भूक लागली याचीच तिला लाज वाटे.

पंडिता रमाबाईंनी हे सारे १८८७ साली अमेरिकेत प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी ग्रंथात जगापुढे मांडले. त्यांना उपासमार पुस्तकातून कळलेली नव्हती. १८७० च्या दशकातील दुष्काळात भटकंती करताना त्यांनी आपले आईवडील गमावले होते. मुंबईत १८८९ मध्ये स्थापन केलेले शारदासदन त्यांनी पुढील वर्षी पुण्यास आणले, आणि त्यात बालविधवा शिकू लागल्या. त्यांपैकीच गोदूबाई यांच्याशी धोंडो केशव कर्वे यांचा विवाह मार्च १८९३ मध्ये पुण्यात झाला आणि शहरात मोठा क्षोभ उडाला. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला व १९०० मध्ये तो हिंगण्यास नेला. आश्रमाचा इतिहास सांगताना शिक्षणाचे महत्त्व सर्वजण सांगतात आणि ते रास्तच आहे. माझे लक्ष मात्र त्याच्या भोजनपंक्तीकडे जाते. ज्या मुलींना घरी सर्वांच्या शेवटी, एकटीने, एकदाच जेवावयाचे होते त्या येथे समवयस्कांच्या पंक्तीत बसून जेवू लागल्या. हिंगण्याने विधवांना अक्षरे दिली त्याचबरोबर पारणेही दिले, असे मी मानतो.

उपासमार आणि उपवास यांतील भेद पुण्याला १८७६–७८ च्या दुष्काळाने आणखी एका अंगाने दाखविला. सरकारने दुष्काळी कामावरील मजुराची मजुरी सर रिचर्ड टेंपल यांच्या शिफारशीने दिवसाला एक पौंड धान्य व एक आणा इतकी खाली आणली, तेव्हा सार्वजनिक सभेने या मापाविरुद्ध सरकारदरबारी अर्जविनंत्यांची झड लावली. आणि जोतीराव फुले यांनी १८७७ मध्ये सत्यशोधक समाजाच्या वतीने धनकवडी येथे दुष्काळग्रस्त मुलांसाठी बालाश्रम उघडून त्यांच्या अन्नाची व्यवस्था केली. या मुलांपुढे कोणी तप म्हणून उपवासाचे गोडवे गाण्याचे धाडस केले नसते.

विसाव्या शतकात मात्र पुण्याच्या उपवासाकडे सबंध देशाचे डोळे लागले. येरवड्याच्या कारागृहात २० सप्टेंबर १९३२ रोजी गांधीजींनी आरंभिलेला आमरण उपवास पुणे करारानंतर २६ सप्टेंबरला सुटला, आणि त्या वेळी रवींद्रनाथ ठाकूर तेथे उपस्थित होते. या उपवासाने डॉ. आंबेडकरांवर जे दडपण आले त्याबद्दल त्यांनी पुढे अत्यंत कठोर शब्दांत लिहिले, आणि त्यांचा आक्षेप बाजूला सारता येण्यासारखा नाही: एकाच्या उपाशी देहाचे ओझे दुसऱ्याच्या निर्णयावर टाकले जाते तेव्हा तो उपवास व्यक्तिगत राहत नाही. त्याच्या पुढील वर्षी, ८ मे १९३३ रोजी, गांधीजींनी एकवीस दिवसांचा आत्मशुद्धीचा उपवास सुरू केला. सरकारने त्याच दिवशी त्यांना सोडले, आणि येरवड्याच्या टेकडीवरील लेडी ठाकरसी यांच्या पर्णकुटीत २९ मे रोजी तो संपला. तिसरा मोठा उपवास आगाखान महालात, १० फेब्रुवारी ते ३ मार्च १९४३, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी. याचे वर्णन त्यांनी स्वतः यथाशक्ती उपवास असे केले होते. एकवीस दिवस अगोदरच जाहीर केले होते, आणि पाणी पिणे अशक्य होऊ लागले तेव्हा त्यात मोसंबीचा रस मिसळण्याची मोकळीक त्यांनी ठेवली होती. डॉ. गिल्डर, डॉ. बिधनचंद्र रॉय, डॉ. सुशीला नय्यर हे उशाशी होते. नाडी, मूत्र, वजन यांची रोज तपासणी होत होती. या उपवासांच्या राजकारणाविषयी मतभेद राहतील. त्यांच्या मांडणीत मात्र जुन्या व्रताचा सारा शिरस्ता ओळखू येतो. हेतू जाहीर, मुदत जाहीर, साक्षी भोवती, आणि सोडण्याची घटका ठरलेली. १९३२ चा उपवास आमरण होता तरी त्यालाही अट होती, आणि ती पुरी होताच तो सुटला.

याच काळात गांधीजींचे ताडीवाला रस्त्यावरील डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार चिकित्सालयात वारंवार वास्तव्य असे. नोव्हेंबर १९४५ मध्ये तेथे निसर्गोपचाराचा न्यास स्थापन झाला, मार्च १९४६ मध्ये उरुळीकांचन येथे आश्रमाचा पाया घातला गेला, आणि १९८६ पासून ताडीवाला रस्त्यावरील त्याच जागेत राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आहे. उपवास देवघरातून चिकित्सालयात आला तो पुण्यात या वाटेने. वैद्यांना त्यात नवल वाटण्याचे कारण नव्हते, कारण ज्वराच्या आरंभी लंघन हा चरकाचा पाठ रास्ता पेठेतील टिळक आयुर्वेद महाविद्यालयात पहिल्यापासून शिकविला जात होता. चरकाने सूत्रस्थानाच्या बाविसाव्या अध्यायात लंघन अति झाल्याची लक्षणेही दिली आहेत: सांधे दुखणे, अंग मोडून येणे, तोंडाला कोरड, अन्नाची अरुची, कानाडोळ्यांची शक्ती क्षीण होणे, आणि यांच्या जोडीला दोन अशी की ती वाचून आजचा मानसरोगतज्ज्ञ थबकेल. भूक नाहीशी होणे, आणि मनाचा संभ्रम.

या संभ्रमाची परीक्षा अमेरिकेतील मिनेसोटा येथे दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ॲन्सेल कीज यांनी घेतली. छत्तीस निरोगी तरुणांनी स्वेच्छेने सहा महिने अर्धपोटी राहण्याचे कबूल केले. त्यांचे वजन सुमारे एक चतुर्थांशाने घटले, आणि त्याबरोबर त्यांचे मनही बदलत गेले. ते रात्रंदिवस अन्नाचाच विचार करू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, एकेक जेवण बराच वेळ लांबवीत बसू लागले, मित्रांपासून दूर गेले. आणि पुन्हा पोटभर मिळू लागल्यावरही कित्येकांची वखवख व उदासी महिनोन्‌महिने टिकली. ही माणसे मुळात दुबळ्या मनाची नव्हती. पुरेशी दीर्घ उपासमार स्वतःच मनाला अशा वळणावर नेते, हे त्यातून दिसले. ज्या रोगाला लंडनचे विल्यम गल यांनी १८७३ मध्ये ॲनोरेक्सिया नर्व्होझा असे नाव दिले, तो एवढ्याने होतो असे नाही. त्याला स्वभाव, आनुवंशिकता, घरचे बोलणे, समाजाची नजर अशी अनेक कारणे लागतात. परंतु ज्याच्या ठायी ही कारणे आधीच आहेत, त्याच्या हाती उपवासाचे वेळापत्रक देणे धोक्याचे आहे.

आजच्या पुण्यात हे वेळापत्रक सहज हाती पडते, आणि त्यामागचे कारण उथळ नाही. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील मातांचा व बालकांचा जो अभ्यास चालविला त्यातून आपली बालके वजनाने अल्प परंतु मेदाने संपन्न जन्मतात असे दिसले. आणि २००४ मध्ये त्यांनी आपले इंग्रज सहकारी युडकिन यांच्याबरोबर जे छायाचित्र प्रसिद्ध केले त्यात उंची-वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३ असून युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के होता. मधुमेहाची भीती पुणेकराला आहे ती सप्रमाण आहे. म्हणून दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा दोनदाच जेवण्याचा विचार डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी पुढे नेला, तेव्हा त्यांच्या व्याख्यानांना सभागृहे भरली, आणि अनेक प्रौढांना त्याचा लाभ झाल्याचे ते स्वतः सांगतात. दोनदा जेवणारा चाळिशीचा गृहस्थ, जो रक्तातील साखर तपासून घेतो, लग्नाच्या पंक्तीत नियम मोडतो आणि दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे पुन्हा पाळतो, तो एकभुक्त करणाऱ्या आपल्या पणजोबांच्याच मार्गावर आहे.

त्याच घरातील सतरा वर्षांची मुलगी जेव्हा तोच नियम उचलते तेव्हा मात्र पाहणाऱ्याने सावध असावे. तिचे सोळा तास पुढे अठरा होतात, अठराचे वीस. लग्नकार्याला ती जात नाही, कारण तेथे जेवावे लागेल. एक पोळी अधिक झाली तर दुसऱ्या दिवशीचे जेवण ती दंड म्हणून कापते, किंवा रात्री एकटीने भराभर खाऊन मग ते ओकून टाकते. तिला थंडी वाजते, केस गळतात, पाळी चुकते. आणि वजन ठरविले होते तितके उतरल्यावरही तिचे पारणे होत नाही, कारण ठरविलेला आकडा दरवेळी आणखी खाली सरकतो. ती सर्वांसाठी उत्तम रांधते व स्वतः चाखत नाही. हे वर्णन लिहिताना शंभर वर्षांपूर्वीच्या वाड्यातील त्या आलवण नेसलेल्या मुलीची आठवण टाळता येत नाही. फरक इतकाच की तेव्हा दंडक घरातील वडीलधारी माणसे सांगत, आणि आता तो मुलीच्या मनातच बसलेला असतो, म्हणून बाहेरून दिसत नाही. हे हट्टाचे किंवा लाडाचे लक्षण नव्हे. मानसिक आजारांत ज्यांनी सर्वांत अधिक माणसे दगावतात त्यांत या रोगाची गणना होते, आणि त्याला मानसरोगतज्ज्ञ, आहारतज्ज्ञ व कुटुंब यांची मिळून चिकित्सा लागते. दीर्घ उपासमारीनंतरचे पहिले जेवणदेखील डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थोडेथोडे वाढवीतच द्यावे लागते.

आमच्याकडे हा आजार पुष्कळदा संकष्टीच्या व सोमवारच्या आडोशाने वाढतो, कारण मुलीने उपवास धरला तर घर कौतुकच करते आणि तिने फराळालाही हात लावला नाही हे कोणी पाहत नाही. अशा घरांतील वडीलधाऱ्यांसाठी धर्मशास्त्राने एक वाट मोकळी ठेवलेली आहे, ती फार थोड्यांना ठाऊक असते. जो स्वतः व्रत करण्यास असमर्थ आहे त्याच्या वतीने आईवडील, पती, पत्नी, पुत्र, बंधू किंवा पुरोहित यांनी प्रतिनिधी म्हणून उपवास करावा, आणि त्याचे फल दोघांनाही मिळते. तेव्हा डॉक्टरांनी जेवावयास सांगितलेल्या नातीला आजीने निःशंकपणे सांगावे, ‘बाळ, तुझी चतुर्थी या महिन्यापासून मी धरते; तू माझ्याशेजारी बस आणि वरणभात जेव.’